धुरपताचा पाय

सेलू
२२ जानेवारी १९८५

चि. नलूस आजीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सारे मजेत आहेत, तूही मजेत असशील असं धरून चालतो. तुझ्या मायनं संक्रांतीचे लाडू पाठवले होते ते भेटले का कळवजो. कडक झाले असतील, तिचा पाक नेहमी पुढे जाते.

कांदा लावून झाला. यंदा बाया कापसाले गेल्या, म्हणून वाफ्यात मीच बसली. माझा ताप त्याआधीच गेलता. अंगावरचं मांस गेलं, ते मले जडच होत होतं.

हे कार्ड आहे. अण्णाजी पोस्टमन कार्ड वाचल्याशिवाय पुढे सरकवत नाई, म्हणून जास्त लिहीत नाई. (अण्णाजी, नलूचं लग्न अजून ठरलं नाई. चौकात सांगू नका.)

घरात एक आवाज येऊन राह्यला. ते मागून लिहीन, बंद पत्रात.

तुझी आजी
रुख्माबाई

•

सेलू
८ फेब्रुवारी १९८५

चि. नलूस आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. तुझ्या बापानं वाचायले मागितलं, मी दिलं नाई. म्हणाला, "माय, माझ्या पोरीचं पत्र आहे." म्हटलं, "नाव माझं आहे वरती." हे निळं आंतरदेशीय त्याच्याकडूनच आणवलं. याले डिंक लावला की अण्णाजीचे डोळे बाहेरच राह्यतात.

तुझ्या कामाचं वाचलं. आजीले समजणार नाई असं तुले वाटलं, म्हणून दोनदा लिहिलं. एकदाच समजलं. डॉक्टर कागदावर रोग लिहिते, तू जाड्या पुस्तकात तो रोग शोधते, त्याचा नंबर काढून कागदाच्या कोपऱ्यात टाकते. मग वर्षाच्या शेवटी कोणत्या रोगाची किती माणसं आली ते सरकारले समजते. बाजारात आम्ही वांगे अन् टमाटे वेगवेगळ्या टोपल्यात घालतो तसंच आहे. तुमच्या टोपल्यात माणसं, एवढाच फरक.

पण पुढचं वाचून मी पत्र बाजूले ठेवलं. तू लिहिलं की एका कागदावर डॉक्टरनं नुसतं 'फुटड्रॉप' लिहिलं, म्हणजे पायाचा पंजा वर उचलत नाई, लटकते. अन् तुझे साहेब म्हणाले, ही रोगाची खूण झाली, रोग नाई झाला. पंजा कशानं पडला ते डॉक्टरले विचारून आण, मणक्यानं, का सुई चुकीच्या जागी टोचल्यानं, का महारोगानं, का आणखी कशानं, तेव्हाच पुरा नंबर देता येते. ते ऐकून तुले धुरपता आजी आठवली. अन् तू विचारलं, आजी, तिच्या कागदावर कारण काय लिहिलं होतं?

नलू, तुझं पत्र यायच्या आधीपासूनच धुरपता घरात चालून राह्यली.

भुताखेताचं मले सांगू नको. मी मानत नाई. माझी सासू मेल्यावर तिनं मले छळायले पाहिजे होतं, तिच्याजवळ कारणं होती. ती आली नाई. मग धुरपता कायले येईल? पण आवाज तिचाच आहे. तुले आठवत असेल, लहानपणी तू तिचं जेवण घेऊन भाजीच्या वाडीतल्या झोपडीवर जात होती. ती पाण्यातून चालल्यासारखा गुडघा उंच घ्यायची अन् मग पंजा खाली पडायचा. थप. एक पाऊल ऐकू यायचं नाई, दुसरं थप.

तसाच आवाज ओसरीवर येते. भर दिवसा येते. मी पाण्याचा गुंड घेऊन निघाली की मागे मागे येते, मी थांबली की थांबते. तुझ्या मायले विचारलं, "तुले ऐकू येते काय वं विमल?" तर म्हणते, "काय जी आत्याबाई?" अन् खाली पाहते. तिचे कान चांगले आहेत, चौथ्या घरचं भांडण तिले शब्दासकट ऐकू येते.

तर विचारलं आहे म्हणून सांगतो. बहात्तर सालची गोष्ट. धुरपता माझी धाकटी जाऊ, रामाजी भाऊजीची बायको. तिले मुदतीचा ताप आलता. उठली तेव्हा काडी झालती, अन् उठल्या उठल्या कांद्याच्या वाफ्यात बसली, कारण उपटून ठेवलेली रोपं सुकून चालली होती. कांदा कसा लावतात ते तू पाह्यलं आहे. उकिडवं बसायचं, गुडघे छातीले, अन् सरकत सरकत जायचं. सकाळी बसलेली बाई भाकरीपुरती उठते. तशात एका संध्याकाळी ती उठली तर डावा पंजा उचलला नाई. पाय झोपला असं तिले वाटलं. हसून म्हणाली, "बाई, माझा पाय वाफ्यातच राह्यला वाटते."

दुसऱ्या दिवशीही तसाच. तिसऱ्याही.

त्याच महिन्यात गावात कुष्ठरोगाचा तपासणीवाला आला. घरोघरी फिरायचा, सायकलले झोळा, खिशात पेन. माणूस वाईट नव्हता, पाणी मागताना मले आई म्हणाला. त्यानं धुरपताच्या पावलावर वरून पेनाचं टोक टोचलं. "समजते काय?" तिले समजलं नाई. म्हणाली, "पण खालून समजते जी. तळव्याले काटा रुतला तर जीव जाते." त्यानं खालून टोचून पाह्यलं नाई. अख्खी गल्ली राह्यलती त्याची. त्यानं कार्ड भरलं अन् चालला गेला. कारणाच्या जागी काय लिहिलं ते तुले मी सांगायले नको.

तिचं ताट वेगळं कर असं कोणी म्हटलं नाई. तिनंच वेगळं काढलं, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलं. मग तुझे पणजोबा बापूजी म्हणाले, सरकारी कार्ड आहे, खोटं कसं असेल? वाडीच्या कोपऱ्यात झोपडी घातली. रामाजी भाऊजीनं बायकोची खाट स्वतः उचलून नेली. मी भांडली. माझं तोंड आता आहे त्यापेक्षा तेव्हा जास्त चालत होतं. काई उपयोग झाला नाई. त्या कार्डाले आवाज नव्हता अन् सारे त्याचंच ऐकत होते.

एकोणऐंशी साली गेली. तोवर झोपडीतच. तिचं ताट अजून त्या कोनाड्यात पडून आहे, कोणी वापरत नाई अन् कोणी फेकत नाई.

तू विचारलं ते हे. बाकी काई नाई.

जाम गावच्या स्थळाचं होळीनंतर यायचं ठरलं. पोराची माय अन् पोरगा आधी घर पाहायले येतील, मग तुले वर्ध्याले येऊन पाहतील. रस्त्यावर टायरचं दुकान आहे त्यांचं. मले उंबरठ्याची ठेच लागली, डाव्या आंगठ्याची साल निघाली. त्या पायात चप्पलही राह्यत नाई, चालता चालता मागे पडते. तुझा बाप नवीन आणून देतो म्हणते. दोष चपलेचाच आहे.

आजी

•

सेलू
१२ मार्च १९८५

चि. नलूस,

तुझी दोन पत्रं आली अन् दोन्हीत एकच. आजी, दवाखान्यात ये, पाय दाखव. मी तर पायाचं काई लिहिलंच नव्हतं. चप्पल लिहिली, ठेच लिहिली. जे कागदावर नाई ते वाचायचं काम तुले कोणी दिलं वं?

आधी जामच्या लोकांचं सांगतो.

मी सकाळपासून खाटेवर बसून होती, पाय लुगड्याच्या आत. तुझ्या मायले सांगून ठेवलं, घराले आग लागली तरी मी उठणार नाई. पोराची माय जिजाबाई. दुकानासमोर दिवसभर ट्रका, म्हणून शेजारी बसलेल्या माणसाशीही दूरच्या माणसासारखं बोलते.

"बुढी काऊन उठत नाई? तब्येत बरी नाई काय?"

"उठून कुठे जाऊ? पाहुणे तर इथंच आले."

"आमच्या घरी माझी सासू अजून पाणी भरते."

"मग बसू द्या तिले आता. नाई तर आमच्या पोरीले समजेल किती वर्षं भरायचं आहे ते."

पोरगा हसला. मायनं त्याच्याकडे पाह्यलं तर कपात पाहायले लागला. प्रभाकर नाव. हाताच्या रेषात काळं बसलं आहे, धुतलं तरी निघत नसेल. चहा झाला, चिवडा झाला, अन् मग जिजाबाईनं ज्यासाठी आली होती ते काढलं.

"या घरची एक बाई वाडीत राह्यत होती म्हणतात."

तुझा बाप बशी पुसायले लागला. कोरडी बशी.

"होती," मी म्हटलं. "माझी जाऊ."

"तिले ते होतं काय?"

"कार्डावर होतं."

"अन् आता घरात कोणाले नाई ना?"

"घर तुमच्यासमोर आहे. पाहून घ्या."

त्यात काई खोटं नव्हतं. पण पाय लुगड्यात होते.

जाताना पोरगा पाया पडायले वाकला. पाय दिसत नव्हते तर त्यानं काठाखालून हात घातला. आपल्या पायाले कोणी हात लावला की आंगठा आपोआप आखडते, तुझा, माझा, साऱ्यांचा. माझा उजवा आखडला. डावा त्याच्या हातात ओल्या फडक्यासारखा पडून राह्यला, सोललेल्या आंगठ्यासकट. त्यानं वर पाह्यलं. मी त्याच्याकडे पाह्यलं. त्यानं लुगड्याचा काठ नीट केला अन् मायच्या मागे चालला गेला.

त्यानं घरी सांगितलं असेल का नाई, ते अजून समजलं नाई. जामहून काई निरोप नाई.

तर आता लिहितो. ओसरीवर धुरपता चालत नाई, मी चालतो. कांदा लावून उठली त्या संध्याकाळी माझा डावा पंजा उचलला नाई. घरात आली तर मागून थप. तेव्हा मले खरंच वाटलं की ती आली. मग समजलं, तरी ती आली असंच धरून बसली. तुले पटणार नाई, पण तिच्या भुतापेक्षा मले माझ्या पायाचं भेव जास्त होतं. तुझ्या मायले माहीत आहे. ती रोज माझी चप्पल सरळ करून ठेवते.

तपासून पण पाह्यलं. बाभळीचा काटा घेतला. पावलावर वरून टोचला, काई नाई. तळव्याले टोचला तर डोळ्यात पाणी. धुरपतानं तपासणीवाल्याले सांगितलं होतं तसंच. आधी ताप, मग काडी झालेलं अंग, मग कांदा, मग डावा पाय. सारं तिचंच. तेरा वर्षांनी माझ्या अंगावर येऊन ती मले दाखवून राह्यली असं वाटते, की पाहा बाई, मी काय सांगत होती.

तू म्हणते दाखव. दाखवलं की कागद होईल. डॉक्टर विचारेल, घरात कोणाले महारोग होता काय? हो म्हटलं तर माझ्याही कागदावर तेच. नाई म्हटलं तर एका बाजूले मी अन् एका बाजूले सरकारी कार्ड. कोणाचं ऐकतात ते मी एकदा पाह्यलं. मग तो कागद तुझ्याच टेबलावर येईल अन् तो नंबर तूच आपल्या हातानं टाकशील. जामले काय सांगशील मग? एका घरात दोन बाया?

म्हणून येत नव्हती.

आता जे कोणाले सांगितलं नाई ते. धुरपतानं मले शपथ घातली होती. पण तिनं जे केलं ते तुले माहीत असलं पाहिजे, तुझं कामच ते आहे.

त्याच वर्षी पावसाळ्यात मी एका दुपारी झोपडीवर गेली. ती वांग्याच्या ओळीतून चालत होती. सरळ. दोन्ही पाय सारखे पडत होते. मले पाह्यलं अन् थांबली. मग माझ्याकडे पाहत पाहतच गुडघा उंच घेतला अन् पंजा टाकला. थप.

म्हटलं, "धुरपता, तुझा पाय बरा झाला."

"हळू बोला बाई."

"हळू कायले? घरी चल. बापूजीले दाखव."

ती म्हणाली, "बसा. तुम्ही दमानं ऐका. गोळ्या देऊन राह्यले ना मले ते? आता पाय बरा झाला म्हटलं की सारे म्हणतील गोळीनं बरा झाला. गोळीनं बरा झाला म्हणजे रोग तोच होता. मग ते कार्ड पक्कं झालं. मी गोळ्या खातच नाई, वांग्याच्या बुडाशी पुरतो. अन् पाय असाच टाकतो. इतक्या गोळ्या खाऊन फरक नाई म्हटल्यावर एक दिवस कोणी मोठा डॉक्टर म्हणेल, अरे, रोग दुसरा असेल. मग बदलवतील कार्ड. तेव्हा येतो घरी."

मले ते लय हुशारीचं वाटलं. आम्ही दोघी हसलो पण. वांगे यंदा कडू येतील म्हणाली.

मोठा डॉक्टर काई आला नाई. गोळीवाला महिन्याचे महिन्याले यायचा, ती त्याच्यासमोर चालून दाखवायची, तो 'फरक नाई' लिहायचा अन् आणखी गोळ्या द्यायचा. गावात म्हणायले लागले, धुरपताचा रोग लय जुना दिसते, गोळीले पण ऐकत नाई. तिले घर जवळ येईल असं वाटत होतं अन् ते दूर दूर चाललं होतं. तरी तिनं सोडलं नाई. कोणी पाहत असलं तरी थप, नसलं तरी थप.

शेवटच्या उन्हाळ्यात मी म्हटलं, "आता तरी सरळ चाल. इथं मीच आहे."

ती उठली. झोपडीच्या दारापासून आंब्यापर्यंत जायचं होतं. पहिल्याच पावलाले गुडघा आपोआप उंच गेला. पुन्हा करून पाह्यलं, पुन्हा तेच. खाली पाहत उभी राह्यली. म्हणाली, "कसं चालतात बाई? तुम्ही चालून दाखवा बरं."

मी चालून दाखवलं. तिले जमलं नाई.

गेली तेव्हा आंघोळ मीच घातली, दुसरं कोणी हात लावत नव्हतं. पाय जवळ जवळ ठेवले तर दोन्ही सारखे दिसत होते. कोणता तो, मले समजेना.

शपथ मी पाळली. पण ती गेल्यावर शपथ कोणासाठी पाळून राह्यली, ते मात्र मले समजत नव्हतं.

मी येतो. पंचवीस तारखेले सोमवार आहे, पहिल्या एसटीनं निघतो, तू दवाखान्याच्या दाराशी उभी राहजो. काऊन येतो ते सांगतो. पंजा पडलेल्या बाईचा या घराजवळ एकच कागद आहे, अन् तो खोटा आहे. मी लुगड्यात पाय घालून बसली तर तोच एक राहील.

पण एक अट. डॉक्टर जे लिहील त्याचाच नंबर तू टाकायचा. मी आजी आहे म्हणून, का जाम आहे म्हणून, बदलवायचा नाई. मले आवडला नाई तरी नाई.

आजी
(पाय घेऊन येणारी)

•

सेलू
२८ एप्रिल १९८५

चि. नलूस अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी मी डॉक्टरच्या खोलीतून बाहेर आली तर तू विचारलं, आजी, काय बोलली इतका वेळ? मी म्हटलं चहा पाज. तेव्हा बोलायची ताकद नव्हती. कागदावर तू वाचलंच असेल, पण इंग्रजीत सारं चार ओळीचं होते.

डॉक्टरीण तुझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. आधी म्हणाली, "आजी, काम काय करता?"

म्हटलं, "बसतो."

"कुठे बसता?"

"कांद्यात."

ती हसली नाई. म्हणाली, "कशा बसता ते दाखवा." मी तिच्या टेबलाजवळ फरशीवर उकिडवी बसली, रोप लावतात तशी सरकून पण दाखवली. दारातले लोक पाहत होते, बुढीले काय झालं म्हणून. मग तिनं मले खाटेवर घेतलं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूले हाडाची गोटी असते, तिच्या खाली बोटानं दाबलं तर पावलापर्यंत मुंग्या धावल्या. म्हणाली, "नस इथून जाते, अगदी हाडावरून. तापानं अंगावरचं मांस गेलं अन् दिवस दिवस गुडघा दुमडून बसलं की ती दाबल्या जाते. बहुतेक वेळा सुधरते. बसायचं सोडावं लागेल." अंगावर कुठे चट्टा आहे काय ते पाह्यलं, कानामागून, कोपरापाशी हात फिरवून पाह्यलं. अन् मी सांगायच्या आधी तिनं तळव्याले टोचलं.

मी ओरडली.

"लागलं?"

"लागलं. लिहा."

तिनं लिहिलं. अन् लिहिता लिहिता, वर न पाहता, विचारलं, "घरात कोणाला कुष्ठरोग होता का?"

मले माहीत होतं ती विचारेल. एसटीत बसल्यापासून मी दोन उत्तरं तयार ठेवली होती. हो पण, नाई पण. दाराच्या फटीतून पल्याड तुमची कागदाची खोली दिसत होती, तू खाली मान घालून गठ्ठे लावून राह्यली होती. तुले माहीत नव्हतं मी पाहून राह्यली.

मी म्हटलं, "कार्डावर होता. अंगावर नव्हता."

तिनं पेन खाली ठेवला. "म्हणजे?"

मग सांगितलं. वाफा, पेनाचं टोक, वांग्याच्या बुडाशी पुरलेल्या गोळ्या, बरा झालेला पाय मुद्दाम थप टाकणं, सारं. मधी कोणी दार उघडून "मॅडम, रांग" म्हणाला, तिनं हातानं थांबवलं. माझं झाल्यावर म्हणाली, "आजी, त्यांना पाहिल्याशिवाय मला पक्कं सांगता येणार नाही. पण तुमच्यासारखंच असावं. आणि कुष्ठरोग असता तरी त्यांना घराबाहेर ठेवायची काही गरज नव्हती. आता तर औषधंही चांगली आली."

हे ऐकून मले बरं वाटायले पाहिजे होतं. मले राग आला. कोणाचा ते मले अजून ठरवता आलं नाई.

तिनं लिहिलं. मी म्हटलं, वाचून दाखवा. तिनं मराठीत वाचलं, की जावेचाही डावा पंजा तापानंतर अशाच कामात पडला होता अन् काही महिन्यांत आपोआप बरा झाला होता.

"नाव टाका तिचं."

"नातेवाइकांचं नाव टाकायची पद्धत नाही, आजी."

"पहिल्या कार्डावर टाकलं तेव्हा होती ना?"

तिनं टाकलं. धुरपता रामाजी. मी अक्षर ओळखत नाई इंग्रजी, पण ती लिहीत असताना पेन कुठून कुठे गेला ते पाह्यलं.

मग तो कागद तुझ्या टेबलावर आला. पुढचं तुले माहीतच आहे. तू पुस्तक उघडून बोट फिरवलं अन् कोपऱ्यात लिहिलं, तीन पाच पाच, टिंब, तीन. मग मी विचारलं, तिले लिहिला होता त्या रोगाचा कोणता? तू म्हणाली, शून्य तीस. मी म्हटलं दाखव कुठे आहे. तू पानं मागे मागे उलटवत गेली, लय पानं. इतकी दूर होती ती तिच्या रोगापासून.

आता तू लिहिलं की तिचं जुनं कार्ड ज्या ऑफिसचं होतं तिथं विचारून आली, सापडत नाई, अन् सापडलं तरी मेलेल्या माणसाचं बदलवत नाई. बरं. मी मागितलं नव्हतं. तिचं नाव माझ्या कागदावर आहे.

जामचं राह्यलं. त्यांच्या निरोपाची वाट पाहायचा मले कंटाळा आला. तुझ्या बापाले घेऊन गेली, जिजाबाईच्या दुकानासमोर एसटीतून उतरली अन् रस्त्यावर तिच्यासमोर चालून दाखवलं. थप थप. ट्रकवाले पाहायले लागले. म्हटलं, "त्या दिवशी घर पाहून घ्या म्हटलं होतं. एवढं राह्यलतं दाखवायचं."

जिजाबाईचा आवाज पहिल्यांदा लहान झाला. "हे लागट आहे काय?"

"असतं तर तुमच्या पोराले लागलं असतं. त्यानं हातात धरला होता."

तिनं पोराकडे पाह्यलं. तो एका चाकाचं पंक्चर काढत होता. म्हणाला, "मले माहीत होतं माय." अन् उठून आतून सायकलच्या ट्यूबची एक पट्टी घेऊन आला, कापून, कडा घासून ठेवलेली. एक टोक माझ्या चपलेच्या पुढच्या पट्ट्याले अडकवलं, दुसरं गुडघ्याखाली बांधलं. पंजा वर उचलल्या गेला. त्या दिवसापासून कापून ठेवली होती म्हणे, पण पाठवायची कशी ते सुचत नव्हतं. वास टायरचा येते अन् बैलाले जोतं बांधल्यासारखं दिसते, पण ठेच लागत नाई. मी त्याले दवाखान्याचं सारं सांगितलं, मायसमोर, मोठ्यानं, म्हणजे तिले ऐकू गेलं नाई असं नको.

जिजाबाई म्हणते, विचार करतो. करू दे. पोरानं केला आहे. आता तू कर. मले विचारू नको. त्याच्या हातात माझा पाय मेल्यासारखा पडला होता तेव्हा त्याले ओरडता आलं असतं, एवढंच मी सांगतो.

परवापासून आंगठा थोडा वर येते. पट्टी सोडून बसली की पाहत बसतो त्याच्याकडे.

आता शेवटचं. हे तू कोणाले सांगू नको, तुझ्या साहेबाले तर नाईच.

पट्टी बांधल्यापासून माझा पाय वाजत नाई. काल दिवे लावायच्या वेळी मी खाटेवर होती, पट्टी सोडलेली, दोन्ही पाय वर घेतलेले. तुझी माय चुलीपाशी. बाप गावात गेलता. अन् अंगणाच्या पल्याड, वाडीच्या वाटेवर, आवाज आला. थप.

मी माझ्या पायाकडे पाह्यलं. दोन्ही खाटेवर होते.

पुन्हा आला. घराकडे. तुझी माय चुलीपासून उठून दारात आली. मले म्हणाली, "तुम्ही बसल्या आहे काय आत्याबाई?" मी म्हटलं, "बसली आहे." ती तिथंच उभी राह्यली, हाताले पीठ तसंच.

मी भ्याली नाई. भेव वाटायची माझी पाळी होऊन गेली. मी वाटेकडे तोंड करून म्हटलं, "धुरपता, लिहिलं आता. नावासकट लिहिलं. सोड ते."

मग काईच नाई. कुत्रं पण नाई. अन् मग पावलं आली, अंगणातून ओसरीकडे, हळू हळू, नवीन चालायले शिकल्यासारखी. पण दोन्ही सारखी. ओसरीवर येऊन थांबली.

तुझ्या मायनं हात धुतला, बाहेर गेली, कोनाड्यातलं ते ताट काढून आणलं, राखेनं घासलं, अन् चुलीपाशी आपल्या साऱ्यांच्या ताटांमध्ये ठेवून दिलं.

आम्हा दोघींचे आशीर्वाद.

रुख्माबाई
धुरपता